उंची कमी असेल तर एनएचएलमध्ये टिकता येतं का?

२०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतला १८ वर्षांचा एक मुलगा आइस हॉकी क्लबांच्या मुलाखतींना डॉक्टरांचं पत्र घेऊन गेला. ‘याची वाढ अजून थांबलेली नाही, तो आणखी उंच होऊ शकतो,’ असा त्या पत्राचा आशय होता. मुलाचं नाव लेन हटसन आणि तेव्हाची उंची साधारण ५ फूट ८ इंच.

एनएचएल ही अमेरिका आणि कॅनडातली सर्वोच्च आइस हॉकी लीग. तिथले ३२ संघ दरवर्षी ड्राफ्टमधून सात फेऱ्यांमध्ये दोनशेहून अधिक तरुण खेळाडू निवडतात. त्या वर्षी हटसनच्या आधी ६१ नावं पुकारली गेली. ६२ वा क्रमांक मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्याच्यासाठी वापरला. २०२५ मध्ये सर्वोत्तम नवोदित खेळाडूची काल्डर ट्रॉफी मिळाली ती त्यालाच.

म्हणजे उत्तर ‘हो’ असं आहे. पण या ‘हो’ला अटी बऱ्याच आहेत.

क्लब उंची का बघतात?

एनएचएलमधल्या खेळाडूंची सरासरी उंची ६ फूट १ इंचाच्या आसपास आहे. ज्याच्याकडे पक, म्हणजे रबरी चकती, आहे त्याला अंगाने धडक देणं या खेळात नियमात बसतं. कडेच्या भिंतीला लागून पकसाठी झटापट होते तिथे वजन कामी येतं आणि लांब हातांमुळे काठी दूरवर पोहोचते. त्यामुळे क्लबांची भीती अगदीच निराधार नाही. प्रश्न आहे तो १८ व्या वर्षी मोजपट्टीला किती महत्त्व द्यायचं, हा.

पूर्वी ते फारच दिलं जायचं. समोरच्याला काठीने अडकवणं, धरून ठेवणं याकडे पंच सर्रास दुर्लक्ष करायचे. चपळ खेळाडूचा वेग असा वाया जायचा. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला. त्यानंतर खेळ सुरू झाला तेव्हा अशा अडवणुकीवर कडक शिक्षा होऊ लागली आणि लांब पास देण्यावरचं एक जुनं बंधनही गेलं. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी पाचच्या आसपास गोल व्हायचे, ते सहाच्या वर गेले. लहान चणीच्या खेळाडूंना मोकळी जागा मिळाली ती इथून.

ज्याला कुणीच निवडलं नाही

मार्टिन सेंट लुईची गोष्ट मात्र या बदलाच्या आधीची आहे. ५ फूट ८ इंचांच्या सेंट लुईला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. कॅल्गरी फ्लेम्सने पुढे करार केला, पण २००० मध्ये सोडून दिलं. मग टॅम्पा बे लाइटनिंगने त्याला घेतलं. २००४ च्या स्टॅनली कप अंतिम मालिकेत टॅम्पासमोर होता नेमका कॅल्गरीच, तोही ३-२ ने पुढे. सहावा सामना कॅल्गरीच्या मैदानावर होता. तो जिंकला असता तर कप त्यांचाच होता. दुसऱ्या जादा वेळेत टॅम्पाचा विजयी गोल सेंट लुईने केला. सातवा सामनाही टॅम्पाने जिंकला. पटकथेत कुणी असं लिहिलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं.

हाच सेंट लुई फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉन्ट्रियलचा प्रशिक्षक झाला. तिथे कोल कॉफिल्ड हा त्याच्याच उंचीचा तरुण चाचपडत होता. कॉफिल्डने २०१९ च्या १८ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत सात सामन्यांत १४ गोल करून अलेक्झांडर ओवेच्किनच्या विक्रमाची बरोबरी केली होती. तरी ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर पंधरावा लागला. आधीच्या प्रशिक्षकाच्या काळात त्या हंगामात ३० सामन्यांत त्याचा एकच गोल झाला होता. सेंट लुई आल्यावर ३७ सामन्यांत २२ झाले. पाय आणि हात तेच होते. वापरणारा बदलला.

मग अडतं कुठे?

प्रत्येक सामन्यात संघाकडे १२ आक्रमक असतात, तिघातिघांच्या चार फळ्यांमध्ये. गोल करणं हे प्रामुख्याने पहिल्या दोन फळ्यांचं काम. खालच्या फळ्यांकडून धडका आणि बचाव अपेक्षित असतो, त्यामुळे तिथे क्लब धिप्पाड खेळाडू पसंत करतात. साधारण कुवतीचा उंच खेळाडू तिथे वर्षानुवर्षं निभावून जातो. साधारण कुवतीच्या बुटक्या खेळाडूला तशी सोय नसते. तो पहिल्या दोन फळ्यांत तरी हवा, नाहीतर घरी. ५ फूट ६ इंचांचा रॉको ग्रिमाल्डी २०११ मध्ये ३३ वा निवडला गेला, पण एनएचएलमध्ये त्याला दोनशेच्या आसपासच सामने मिळाले. कारकिर्दीचा मोठा भाग खालच्या एएचएल लीगमध्ये गेला. ५ फूट ९ इंचांचा ब्रॅड मार्शंड बोस्टनच्या चौथ्या फळीतून वर चढला, पण त्याच्याइतका खमका आणि खोडकर खेळाडू सहसा सापडत नाही.

गोलरक्षकांच्या बाबतीत फूटपट्टी आणखी कडक आहे, कारण उंच माणूस नुसता उभा राहिला तरी जाळं जास्त झाकतो. तिथे ६ फूटसुद्धा कमी मानले जातात. तेवढ्याच उंचीचा डस्टिन वुल्फ २०१९ च्या ड्राफ्टमध्ये २१७ पैकी २१४ वा होता. त्याला घेणारा क्लब होता कॅल्गरी. २०२५ मध्ये काल्डर ट्रॉफीच्या मतदानात हटसनच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर हाच वुल्फ होता.