जीपचे स्टिअरिंग

हल्लीचे स्टिअरिंग एका बोटाने फिरते. आपल्या सातपुड्यात, तोरणमाळ-धडगावकडे, वर्षानुवर्षे जुनी जीप चालवणाऱ्यांचे दंड मात्र भरून यायचे. ही मूळची अमेरिकन विलीज, १९४१ च्या सुमारास लष्करासाठी घडवलेली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला घेतली.

मूळ रचनेत स्टिअरिंगच्या पेटीतून एक दांडा मधल्या बेलक्रँकला आणि तिथून दोन टाय रॉड पुढच्या दोन चाकांना. जितके सांधे तितकी झीज. मग स्टिअरिंगला 'प्ले' येतो, गाडी रस्ता सोडून हिंडू लागते. चाक दगडावर आपटले की झटका थेट हातात. म्हणून अंगठा आऱ्यांच्या आत घालायचा नाही, हा ड्रायव्हरचा पहिला धडा!

गंमत पाहा, क्रायसलरने १९५१ मध्येच पॉवर स्टिअरिंगची मोटार बाजारात आणली होती. इंजिनावरचा पंप तेलाला दाब देतो, तो दाबच जोर लावतो. आमच्या डोंगरातल्या जीपपर्यंत ते यायला कित्येक दशके गेली. ड्रायव्हरच्या दंडांची किंमत कोण धरतो? असो.

आता हौशी मंडळी जुन्या जीपला ते बसवून घेतात. माझे मत, आधी झिजलेले सांधे बदला. नुसत्या पंपाने स्टिअरिंग हलके होते, प्ले तसाच राहतो, आणि घाटात तोच घात करतो.