एडवर्ड वुडच्या पटकथा : एका उपहासित लेखकाच्या कागदांचा विचार

(१)

जुनीं दफ्तरें, बखरी व पोथ्या यांचें संशोधन करणाऱ्या या त्रैमासिकांत अमेरिकेंतील एका अल्पभांडवली चित्रपटकाराच्या लेखनाविषयीं टिपण यावें, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु पटकथा ही देखील एक संहिताच होय. तिलाही कर्ता असतो, पाठभेद असतात, प्रक्षेप असतात. आणि वेळींच न जपल्यास इतर कोणत्याही पोथीप्रमाणें तीही नष्ट होते. एडवर्ड डेव्हिस वुड (धाकटा) याच्या लेखनाची जी गति झाली, तींतून हस्तलिखितसंग्राहकांनीं घेण्यासारखा एक बोध आहे, असें आम्हांस वाटतें.

वुडचा जन्म न्यूयॉर्क राज्यांतील पकिप्सी गांवीं १० ऑक्टोबर १९२४ रोजीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत तो मरीन दलांत होता. युद्धानंतर तो हॉलिवुडास आला, व तेथेंच दारिद्र्यांत व मद्याच्या व्यसनांत १० डिसेंबर १९७८ रोजीं वारला. पुढें दोनच वर्षांनीं, इ. स. १९८० मध्यें, मेडवेड बंधूंनीं आपल्या पुस्तकांत त्यास आजवरचा सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरविलें, आणि लोक त्याचे चित्रपट हंसण्यासाठीं पाहूं लागले. इ. स. १९९४ मध्यें टिम बर्टन यानें त्याच्या जीवनावर चित्रपट काढला. त्यानें उपहासाच्या जागीं कांहींसा जिव्हाळा आणला. परंतु दोन्हीं प्रसंगीं लोकांच्या डोळ्यांपुढें राहिला तो दिग्दर्शक वुड. लेखक वुड मागेंच पडला. वास्तविक त्यानें स्वतःच्या चित्रपटांप्रमाणेंच इतर दिग्दर्शकांसाठींही लिहिलें, आणि चित्रपट काढणें सुटल्यावरही त्याचें लिहिणें सुटलें नाहीं.

(२)

या पटकथा कशा निर्माण झाल्या हें पाहतां आम्हांस संस्कृतांतील समस्यापूर्तीची आठवण होते. तेथें शेवटचा चरण दुसऱ्यानें दिलेला असतो. उरलेले तीन कवीनें जुळवावयाचे असतात. वुडला बहुधा असेंच लिहावें लागलें.

इ. स. १९५२ च्या अखेरीस ख्रिस्टीन जॉर्गेनसन हिच्या लिंगपरिवर्तनाची वार्ता अमेरिकेंत गाजली. तिचा फायदा घेणारा एक सवंग बोलपट जॉर्ज वाइस नामक निर्मात्यास हवा होता. वुडनें त्यास 'ग्लेन ऑर ग्लेंडा' (१९५३) लिहून दिला. परंतु मागणीप्रमाणें लिंगपरिवर्तनाची कथा त्यानें उत्तरार्धांत थोडक्यांत उरकली. मुख्य कथा केली ती स्त्रीवेष धारण करण्याची आवड असलेल्या, व ती गोष्ट वाग्दत्त वधूस कशी सांगावी या विवंचनेंत पडलेल्या एका पुरुषाची. ही आवड खुद्द वुडला होती. ती भूमिका त्यानेंच डॅनियल डेव्हिस या नांवानें केली. अखेरीस ती वधू आपला अंगोरा लोकरीचा स्वेटर काढून त्याच्या हातीं देते. चित्रपटाच्या मध्यभागीं जीं असंबद्ध विलासदृश्यें येतात, तीं निर्मात्यानें घुसडलेलीं आहेत. तो प्रक्षेप होय. त्याचा दोष मूळ कर्त्यास लावूं नये.

'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' या सर्वांत कुप्रसिद्ध चित्रपटाची कथाही अशीच आहे. नट बेला लुगोसी हा १६ ऑगस्ट १९५६ रोजीं वारला. त्याचें मूक चित्रण वुडपाशीं शिल्लक होतें, तेंही थोड्या मिनिटांचें. तेवढ्यावर वुडनें संपूर्ण पटकथा बेतली. उरलेल्या दृश्यांत लुगोसीहून उंच असा दुसराच गृहस्थ झग्यानें तोंड झांकून वावरतो. भांडवल बाप्टिस्ट पंथीय मंडळींकडून आलें. मूळ नांवांतील 'थडगीं लुटणारे' हे शब्द त्यांस रुचले नाहींत, म्हणून नांव बदललें. मार्च १९५७ मधील पहिल्या खेळास मात्र जुनेंच नांव होतें. एकाच ग्रंथाचीं अशीं दोन नांवें पाहून वाचकांस आपल्या संग्रहांतील कांहीं पोथ्या आठवतील.

'द ब्राइड अँड द बीस्ट' (१९५८) हा एड्रियन वाइस यानें दिग्दर्शित केला; लेखन वुडचें. त्यांतील नवविवाहिता संमोहनावस्थेंत आपण पूर्वजन्मीं गोरिला होतों असें सांगते, आणि शेवटीं त्या योनीकडेच परतते. पुनर्जन्माच्या कथांवर पोसलेल्या आम्हांस ही कल्पना हास्यास्पद वाटली नाहीं. तिची मांडणी मात्र ओबडधोबड वाटली.

(३)

वुडचे दोष झांकण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याचीं पात्रें बोलत नाहींत, व्याख्यानें देतात. पुनरुक्ति पदोपदीं आहे. परंतु दोषांखालीं एकच सूर सतत ऐकूं येतो. ग्लेन आपलें गुपित लपवून कष्टी आहे. 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर' (१९५५) मधील शास्त्रज्ञ स्वदेशानें वेडा ठरवून हांकलून दिलेला आहे. (या पटकथेवर अलेक्स गॉर्डन याचेंही नांव असल्यानें वांटणी सावधपणें करावी लागते.) 'प्लॅन नाइन' मधील परग्रहवासी, सूर्यप्रकाशाचाच स्फोट करणारें अस्त्र मनुष्यें निर्मितील, असें पोटतिडकीनें सांगतात, आणि त्यांचें कोणी ऐकत नाहीं. ज्याचें म्हणणें ऐकण्यापूर्वींच लोकांनीं ज्यास निकालांत काढलें, अशा माणसाची ही एकच कैफियत आहे. पैसा दुसऱ्याचा, विषय दुसऱ्याचा, चित्रणही दुसऱ्या कामासाठीं घेतलेलें. तरी लेखकाचा हात ओळखूं येतो. कर्तृत्वनिर्णयास याहून निराळें प्रमाण आपण तरी कोणतें मागतों ?

(४)

आतां कागदांविषयीं. इ. स. १९६० च्या 'द सिनिस्टर अर्ज' नंतर वुडनें उदरनिर्वाहासाठीं अश्लील चित्रपटांच्या पटकथा व स्वस्त कादंबऱ्या डझनावारी लिहिल्या, त्याही पुष्कळदां टोपणनांवांनीं. त्यांतील 'अ‍ॅन गोरा' या नांवांत तीच लोकर लपलेली आहे. जणूं ही त्याची मुद्राच. 'नाइट ऑफ द गूल्स' हा चित्रपट रसायनशाळेचें बिल न भरल्यामुळें तेथेंच अडकून पडला, आणि एका संग्राहकानें पैसे भरून सोडविल्यावर १९८० नंतरच लोकांपुढें आला; तोंवर कर्ता मरण पावला होता. 'फायनल कर्टन' हा छोटा दूरचित्रपट हरवलाच असें समजत. तो सांपडून इ. स. २०१२ मध्यें दाखविला गेला. मृत्यूपूर्वीं अवघे तीन दिवस वुडला भाडें थकल्यामुळें घरांतून काढण्यांत आलें. त्याच्या कागदांचा मोठा भाग मागें राहिला व नाहींसा झाला. एक संवादरहित पटकथा मात्र वांचली; तीवरून इ. स. १९९८ मध्यें चित्रपट निघाला. जें वांचलें तें संस्थांनीं वांचविलें नाहीं. हौशी माणसांनीं वांचविलें.

(५)

येथें आमचा एक अपराध सांगणें प्राप्त आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही एका वाड्यांत पोथ्या पाहावयास गेलों होतों. व्याकरणाच्या दोन व स्तोत्रांची एक अशा तीन पोथ्या आम्हीं मोठ्या आदरानें घेतल्या. त्यांच्याच खालीं तमाशांतील वगांचें एक बाड होतें. अक्षर गचाळ, भाषा शिवराळ. चार पानें चाळून आम्हीं हंसून तें परत ठेविलें. पुढें मन बदलून पुन्हा गेलों, तों तें बाड बंबांत गेलें होतें. त्या तिन्ही पोथ्यांच्या प्रती इतरत्रही आहेत. त्या वगांची दुसरी प्रत आम्हांस आजवर मिळालेली नाहीं.

तात्पर्य, वाळवी व पाऊस यांच्याइतकाच उपहास हाही हस्तलिखितांचा शत्रु आहे. आणि तो बहुधा विद्वानांच्याच घरीं राहतो. ग्रंथ चांगला कीं वाईट हें मागून येणारे ठरवितील. त्यांस ठरविण्यासाठीं तो शिल्लक ठेवणें एवढेंच संग्राहकाचें काम. ज्यांच्यापाशीं असें एखादें टाकाऊ बाड पडलें असेल, त्यांनीं तें बंबाकडे जाण्यापूर्वीं एकवार उघडून पाहावें, अशी आमची विनंती आहे.