क्रोटोअन : एका हरवलेल्या वसाहतीची गोष्ट

स्मरणिका समितीने लेख मागताना अट घातली, "इतिहासाचं द्या, पण सनावळ्या नकोत." सनावळ्यांशिवाय इतिहास म्हणजे फोडणीशिवाय आमटी. तेव्हा थोड्या सनावळ्या वाचकांनी सोसाव्यात. बदल्यात मी अशी गोष्ट सांगतो जिचा शेवट चारशे वर्षांत कुणाला नक्की सांगता आलेला नाही.

जगातली न उलगडलेली रहस्यं म्हटलं की बर्म्युडा त्रिकोण, पिरॅमिड, परग्रहावरची माणसं अशी यादी सुरू होते. त्यातलं निम्मं निव्वळ पिकवलेलं असतं असं माझं मत. ही गोष्ट मात्र कागदोपत्री आहे, आणि ती आहे साध्या संसारी माणसांची. आपल्या एखाद्या विंगमध्ये मावतील एवढी माणसं, सुमारे ११५, बायकामुलांसकट नाहीशी झाली.

साल १५८७. आपल्याकडे अकबराची बादशाही, अहमदनगरला निजामशाही. इंग्लंडच्या वॉल्टर रॅलेने अमेरिकेत वसाहत करायला माणसं पाठवली. ती उतरली रोआनोक नावाच्या छोट्या बेटावर, आजच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्याला. त्यांना खरं तर जायचं होतं आणखी उत्तरेला, चेसापीकच्या उपसागरात. पण जहाजाचा वाटाड्या अडून बसला, इथेच उतरा म्हणाला. ताबा मिळाला तो भलत्याच जागेचा! त्यातून जागा बदनाम झालेली. आधीच्या वर्षी इथे असलेल्या इंग्रज सैनिकांनी तिथल्या लोकांच्या प्रमुखाला मारलं होतं, आणि त्याचा राग या नव्या बिऱ्हाडांवर निघणार हे उघड होतं. पहिल्याच आठवड्यात खेकडे पकडायला एकटा गेलेला एक जण बाणांनी मारला गेला. बदला घ्यायला इंग्रज गेले आणि अंधारात चुकून हल्ला केला तो मित्रांवरच, क्रोटोअन बेटावरच्या लोकांवर. मँटिओ नावाचा त्यांच्यातलाच एक जण इंग्लंडला जाऊन आलेला, इंग्रजी बोलणारा. त्याने हे प्रकरण सांभाळून घेतलं. हा मँटिओ लक्षात ठेवा.

वसाहतीचा गव्हर्नर होता जॉन व्हाइट. मूळचा चित्रकार. त्याची मुलगी एलिनॉर आणि जावईही बरोबर होते. १८ ऑगस्ट १५८७ ला एलिनॉरला मुलगी झाली, अमेरिकेत जन्मलेलं पहिलं इंग्रज मूल. नाव ठेवलं व्हर्जिनिया. लगेच लोकांनी व्हाइटला गळ घातली की धान्य संपत आलंय, तुम्हीच इंग्लंडला जाऊन मदत आणा. तो तयार होईना. लोक म्हणतील, माणसांना टाकून पळाला. आणि मागे आपल्या सामानाचं काय होईल हीही काळजी. शेवटी सगळ्यांनी सह्या करून लेखी विनंती दिली (ठरावाशिवाय काम होत नाही, हे तेव्हाही होतं) आणि तो निघाला. नात नऊ दिवसांची होती.

तीन-चार महिन्यांचं काम, त्याला तीन वर्षं लागली. स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून येत होतं, त्यामुळे राणीने जहाजं अडवून ठेवली. १५८८ मध्ये दोन लहान गलबतं कशीबशी मिळाली, तर वाटेत फ्रेंच चाच्यांनी लुटलं आणि व्हाइट जखमी होऊन परतला. अखेर १५९० मध्ये स्पॅनिश जहाजं लुटायला निघालेल्या एका ताफ्याने त्याला बरोबर घेतलं.

बेटाजवळ पोचायला रात्र झाली. आधीच एक होडी लाटांत उलटून सात माणसं बुडाली होती. बेटाच्या उत्तर टोकाला आग दिसली. त्यांनी होडीतूनच तुतारी वाजवली, ओळखीची इंग्रजी गाणी म्हटली. कुणी ओ दिली नाही. सकाळी जाऊन पाहिलं तर नुसतं गवत आणि कुजकी झाडं जळत होती. तो दिवस होता १८ ऑगस्ट, नातीचा तिसरा वाढदिवस.

एका झाडावर तीनच अक्षरं कोरलेली, 'क्रो'. पुढे वस्तीभोवती ओंडक्यांचं भक्कम कुंपण उभारलेलं, आणि प्रवेशाजवळच्या खांबाची साल काढून जमिनीपासून पाच फुटांवर स्वच्छ अक्षरांत पूर्ण शब्द, 'क्रोटोअन'. आतली घरं उतरवून नेलेली. पुरून ठेवलेल्या पेट्या कुणीतरी उकरल्या होत्या. व्हाइटची पुस्तकं फाटलेली, चित्रं आणि नकाशे पावसाने कुजलेले, चिलखत गंजलेलं.

तरी व्हाइटला समाधान वाटलं, आणि का ते समजून घेतलं पाहिजे. निघताना ठरलं होतं की जागा सोडलीत तर नव्या जागेचं नाव कोरून ठेवा, आणि संकटात असाल तर त्यावर क्रूस काढा. क्रूस नव्हता. म्हणजे ही माणसं मँटिओच्या गावी गेली, आणि स्वतःच्या पायांनी गेली. दाराला पत्ता लावून जावं तसंच हे. क्रोटोअन, म्हणजे आजचं हॅटेरास बेट, तिथून दक्षिणेला साधारण पन्नास मैल.

आणि तिथे कुणी गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं, पण वादळात नांगराचे दोर तुटले. नांगर उरला एक, पिण्याचं पाणीही कमी. जहाज भरकटत अॅझोर्स बेटांकडे गेलं आणि तिथून इंग्लंडला. व्हाइटला पुन्हा जहाज मिळालं नाही. १५९३ मध्ये आयर्लंडहून त्याने एका मित्राला सगळी हकीकत लिहून पाठवली, मुलीला आणि सोबत्यांना देवाच्या हवाली केलं. जहाज त्याच्या मालकीचं नव्हतं, लुटीला निघालेल्या माणसांच्या सवडीवर त्याचं सगळं अवलंबून होतं. रहस्याइतकंच हे मला अस्वस्थ करतं. नातवंडं परदेशात असलेल्या आपल्या सोसायटीतल्या आजी-आजोबांना वेगळं सांगायला नको.

पुढे तर्क पुष्कळ झाले. १६०७ नंतर जेम्सटाउनला आलेल्या इंग्रजांच्या कानावर आलं की पोव्हाटन राजाने त्या लोकांना मारून टाकलं. उलट १७०९ मध्ये जॉन लॉसन या प्रवाशाने लिहिलं की हॅटेरासचे लोक आपले काही पूर्वज गोरे होते, पुस्तक वाचत होते असं सांगतात आणि त्यांच्यात करड्या डोळ्यांची माणसं आहेत. १९९८ मध्ये जुन्या झाडांच्या खोडातली वर्तुळं तपासली गेली. १५८७ ते १५८९ ही वर्षं आठशे वर्षांतल्या सर्वांत भीषण दुष्काळाची निघाली. एवढी माणसं एका लहान बेटावर कोण पोसणार? त्यांची फाटाफूट झाली असणार असं मला वाटतं. काही मँटिओकडे, काही मुख्य भूमीवर. हॅटेरासला त्या काळच्या इंग्रजी धाटणीच्या वस्तू सापडल्या आहेत, पण वस्तू व्यापारातूनही पोचतात, त्यामुळे जाणकारांचे वाद मिटलेले नाहीत.

२०१२ मध्ये आणखी एक गंमत झाली. व्हाइटने काढलेल्या नकाशावर दोन ठिकाणी कागदाचे तुकडे चिकटवलेले आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञांनी खालून प्रकाश टाकला, तर एका तुकड्याखाली लाल-निळं किल्ल्याचं चिन्ह दिसलं. जागा मुख्य भूमीवर, साधारण पन्नास मैल आत. व्हाइट निघाला तेव्हा लोक एवढंच अंतर आत सरकायचं बोलत होते. त्या भागात उत्खनन झालं, इंग्रजी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. थोडी कुटुंबं तिथे राहिली असतील, सगळी वसाहत नाही.

तो नकाशा आणि व्हाइटची चित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये जपलेली आहेत. रंग उडू नयेत म्हणून ती कायम मांडून ठेवत नाहीत, पण म्युझियमच्या संकेतस्थळावर बघता येतात. मासे, कासवं, मक्याची शेतं, आणि तिथली माणसं, अगदी समोर बसून काढलेली. नातवंडांना जरूर दाखवा.