वजन कमी केलं, आता थांबायचं कधी? टार्गेटनंतरचा टप्पा समजून घ्या

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी एक वाद रंगला होता. दिवसातून दोनदाच जेवायचं, की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं? एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित, दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरत होते, घराघरात दोन पार्ट्या पडल्या होत्या. वजन कमी कसं करायचं, यावर सगळ्यांकडे मत होतं. कमी झाल्यावर थांबायचं कधी, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

आजही तेच आहे. इन्स्टावर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो दिसतात. 'नंतर'च्या नंतर काय झालं, हे कुणी टाकत नाही.

म्हणून आधी एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण तुमच्या घरातलंही असू शकतं.

तीन आकडे, एक ताई

समजा, जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत एक ताई राहतात. वय ३६, उंची १५५ सेंटीमीटर. वर्षभरापूर्वी वजन होतं ६८ किलो आणि साखर सीमारेषेवर, म्हणजे एचबीए१सी ६.१. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. ताईंनी चहातली साखर बंद केली, रात्रीचं जेवण लवकर घेतलं, पहाटे चालणं सुरू केलं. आज काटा ५९ दाखवतो.

आता तीन आवाज येतायत. शेजारच्या काकू म्हणतात, "किती वाळली गं तू, दवाखान्यात दाखव की." मोबाइलमधलं ॲप म्हणतं, अजून ४ किलो बाकी. आणि ताईंच्या स्वतःच्या मनात तिसराच आकडा आहे: लग्नातलं वजन, ५० किलो.

तिघांपैकी कुणाचं ऐकायचं?

बीएमआय काय सांगतो?

ॲपचा आकडा येतो बीएमआयमधून. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, की बीएमआय मिळतो. ताईंचा आधी २८.३ होता, आता २४.६ आहे.

जगभरात २५ च्या पुढे 'जादा वजन' धरतात. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये ही रेषा खाली आणली: २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. कारण आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनातच गाठतात. या हिशेबाने ताईंना २३ च्या आत यायला साधारण ५५ किलो लागतील. ॲपचे '४ किलो बाकी' इथून आले.

पण १८.५ ते २३ हा पट्टा ताईंच्या उंचीला साधारण ४४ ते ५५ किलो इतका रुंद आहे. त्यात नेमकं कुठे थांबायचं, हे बीएमआय सांगत नाही. आणि वजनात चरबी किती, स्नायू किती, हे तर त्याला कळतच नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी स्वतःचंच उदाहरण दिलं

हा मुद्दा सगळ्यात सोप्या भाषेत मांडला तो पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ब्रिटनमधले सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत एक छोटा लेख छापला. सोबत दोघांचा फोटो होता. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त.

याज्ञिक यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली, तेव्हाही हेच दिसलं. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांमध्ये स्नायू बरेच कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं, पण आतून चरबीचं शरीर.

थांबण्याच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. वजन उतरतं तेव्हा फक्त चरबी जात नाही. कमी झालेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबी सोडून इतर भागांचा असू शकतो आणि त्यात स्नायू येतात. ज्यांच्याकडे स्नायूंची शिल्लक मुळात कमी, त्यांनी नुसतं कमी खाऊन काटा खाली ढकलत राहणं म्हणजे घरातलं बियाणं दळून खाण्यासारखं आहे. आज भागतं, पुढच्या पेरणीला काही उरत नाही.

थांबायची वेळ झाली, हे कशावरून ओळखायचं?

१. ज्या कारणासाठी सुरू केलं, ते साधलं का? साखर, रक्तदाब, गुडघेदुखी, धाप लागणं, जे काही कारण असेल ते. तपासण्या पुन्हा करा. एचबीए१सी ५.७ च्या खाली आलं, रक्तदाब आटोक्यात आला, तर मुख्य काम झालं. ३० वर्षांवरील लोकांची साखर आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते, त्यासाठी शहर गाठायची गरज नाही.

२. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के कमी झालं का? एवढ्यानेही साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवर चांगला परिणाम दिसतो. अमेरिकेतल्या १९९८ च्या सरकारी मार्गदर्शिकेतही पहिलं उद्दिष्ट १० टक्क्यांचं आणि मुदत साधारण ६ महिन्यांची होती. ते झालं, की आधी टिकवा आणि मग पुढचं बघा.

३. कंबर किती? भारतीय निकषानुसार पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आत आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी. आणखी सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. टेप खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडून मोजा. पँटचा नंबर म्हणजे कंबरेचं माप नव्हे.

४. ताकद वाढतेय की घटतेय? भरलेली बादली उचलणं, जिना चढणं, हात न टेकता जमिनीवरून उठणं. वजन उतरतंय आणि ही कामं जड जातायत, तर स्नायू जातायत.

५. असंच पाच वर्षं खाऊ शकाल का? वजन आणखी उतरवण्यासाठी पाहुण्यांच्या पंगतीला जाणं बंद करावं लागत असेल, दिवसभर डोक्यात जेवणच घोळत असेल, तर तो आकडा तुमच्या आयुष्यात मावणारा नाही.

काटा दोन-तीन आठवडे हलला नाही, म्हणजे टार्गेट आलं असं मात्र नाही. पाणी, मीठ, मासिक पाळी यामुळे किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो.

इथे वाट बघू नका

काही खुणा दिसल्या तर वजन उतरवणं लगेच थांबवा आणि डॉक्टरांना भेटा:

- पाळी लांबली किंवा तीन महिने आलीच नाही
- चक्कर येते, सतत थंडी वाजते, केस मुठीने गळतात
- बीएमआय १८.५ च्या खाली गेला
- खाल्ल्यावर अपराधी वाटतं, उलटी काढावीशी वाटते
- मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे आणि साखर वारंवार खाली जाते. वजन उतरल्यावर डोस बदलावा लागू शकतो, पण तो स्वतः बदलू नका. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच.

आणखी एक. काहीही प्रयत्न न करता ६ ते १२ महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं, तर ते यश समजू नका. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह, कर्करोग अशी कारणं तपासावी लागतात. 'वाळली गं' म्हणणाऱ्या काकू अशा वेळी बरोबर असतात.

थांबलं की वजन परत का चढतं?

यात इच्छाशक्तीचा दोष फार कमी असतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ५० जणांचं वजन १० आठवड्यांत कडक आहाराने उतरवलं गेलं. भूक वाढवणारी आणि पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्ववत झालेली नव्हती. म्हणजे भूक खरीच वाढलेली असते. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

दुसरं, शरीराचा खर्च कमी होतो. ताई आता ९ किलोचं गाठोडं उतरवून चालतायत, त्याच कामाला इंधन कमी लागतं. शिवाय शरीर थोडी जास्तीची काटकसरही करतं. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही शोमधल्या १४ स्पर्धकांचं वजन सरासरी ५८ किलोंनी उतरलं होतं. ६ वर्षांनी तपासलं, तर त्यातले सरासरी ४१ किलो परत आले होते आणि बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. हे टोकाचं उदाहरण आहे, पण घाई किती महागात पडते ते कळतं.

इंजेक्शनचंही हेच. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी भारतात आली. वेगोवीमधल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. त्यामुळे 'थांबायचं कसं' हे औषध सुरू करतानाच डॉक्टरांना विचारा.

थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

थांबायचं म्हणजे जुन्या ताटाकडे परतायचं नाही. खाणं हळूहळू वाढवायचं, इतकंच.

थोडं वाढवा, थांबा, बघा. रोज १०० ते २०० कॅलरी वाढवा. ज्वारीची एक मध्यम भाकरी साधारण दीडशे ते दोनशे कॅलरींची असते. म्हणजे अर्धी ते एक भाकरी. दोन आठवडे तसंच ठेवा. वजन अजून उतरतंय, तर आणखी थोडं वाढवा. स्थिरावलं, तर तुमचं माप सापडलं.

वाढवताना डाळ आधी, तेल शेवटी. मटकी, हरभरा, डाळ, अंडी, दही यांनी स्नायू राखायला मदत होते. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, ५० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण ११. चमचाभर तेल मात्र ४५ कॅलरी देतं आणि पोट भरत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ताकदीचा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवते. जिम नको, उठाबशा आणि भिंतीला हात टेकून जोर यापासून सुरुवात होते. शेतातलं काम हाही व्यायामच, पण तो हंगामी असतो.

एक आकडा धरू नका, पट्टा ठरवा. साधारण ३ टक्के वर-खाली, म्हणजे ५९ किलोला दोन किलो इकडे-तिकडे चालतं. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन करा. पट्ट्याच्या वर गेलं, तर वाढवलेली भाकरी काही आठवडे कमी करा. दोन किलो आवरणं सोपं असतं, नऊ किलो पुन्हा उतरवणं कठीण.

गावाचं कॅलेंडर लक्षात घ्या. पिंपळगाव रेणुकाईची ओळख मिरचीच्या बाजारासाठी आहे. तोडणीच्या दिवसांत दिवसभर वाकून काम होतं, भूकही तशी लागते. तोडणी संपते, पण ताट तेवढंच राहतं. मग येतात लग्नाच्या पंगती. नवरात्रात नऊ दिवस उपवास, आणि त्यात साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा. वर्षभराचं वजन सारखं राहणार नाही, हे गृहीत धरा. काम कमी झालं की ताट कमी करायचं, एवढं जमलं तरी पुष्कळ.

मग ताईंनी काय करावं?

समजा, ताईंनी तपासणी केली. एचबीए१सी ५.६ आलं. वजन १३ टक्क्यांनी उतरलंय. कंबर ९४ वरून ८२ झाली. पण दोन महिन्यांपासून केस गळतायत, संध्याकाळी चक्कर येते आणि भाकरी अर्ध्यावर आलीय.

उत्तर सरळ आहे. ताईंनी आत्ता थांबावं. चक्कर आणि केसगळतीसाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं, भाकरी आणि डाळ वाढवावी, ताकदीचा व्यायाम सुरू करावा आणि सहा महिने ५९ च्या आसपास राहून दाखवावं. कंबर अजून दोन सेंटीमीटर जास्त आहे, तिच्यासाठी व्यायाम चालूच राहील. सहा महिन्यांनी तब्येत उत्तम असेल आणि मन असेल, तर पुढच्या दोन-तीन किलोंचा विचार करता येईल. नसेल, तरी काही बिघडत नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि चालणं सुधारल्यावर मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला होता. वजनात मात्र फारसा फरक पडला नव्हता.

आणि लग्नातले ५० किलो? ते १८-२० वर्षांच्या मुलीचं वजन होतं. आज ३६ व्या वर्षी, घर आणि शेत दोन्ही सांभाळणाऱ्या बाईने तिच्याशी स्पर्धा करायचं काहीच कारण नाही.