२६.२ टक्के, पण सिग्नलवर शून्य

१७ फेब्रुवारी १८९७, जर्मनीतलं ऑग्सबर्ग. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन प्राध्यापक मॉरिट्झ श्रोटर यांनी तपासलं. कार्यक्षमता निघाली २६.२ टक्के. म्हणजे इंधनातली पाव भागाहून थोडी जास्त ऊर्जा कामी आली. वाफेची इंजिनं बरीच मागे होती, त्यामुळे या आकड्याने डिझेलचं नाव झालं.

पण ते इंजिन जागेवर, भरपूर भाराखाली, एका लयीत चाललेलं! माझी गाडी सिग्नलला नुसतीच घुरघुरते. तेव्हा पेट्रोल जळतं, अंतर शून्य. म्हणूनच मायलेज मोजताना अख्खी गाडी रोलरवर चढवून थांबत-पळत चालवतात, आपल्या पुण्यातल्या एआरएआयमध्येसुद्धा. गाडी घेताना मी इंजिनाची कमाल कार्यक्षमता विचारत नाही. ट्रॅफिकमध्ये किती पिते, एवढंच विचारतो.