स्प्रिंगफील्ड ते नागपाडा : बास्केटबॉलचा आरंभकाळ

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड गावी झाला. तिथल्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ हे तिशीतले कॅनडियन शिक्षक व्यायाम शिकवत. हिवाळ्यात बाहेरचे खेळ बंद पडत आणि व्यायामशाळेतल्या त्याच त्या कवायतीला अठरा जणांचा एक वर्ग पार कंटाळून गेला होता. बंद दालनात रमता येईल असा खेळ शोधून काढायला विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथना दोन आठवडे दिले.

मैदानी खेळ तसेच्या तसे आत आणले तर लाकडी फरशीवर हातपाय मोडायची वेळ येई. नेस्मिथ यांनी या दांडगाईचे मूळ शोधले, आणि त्यांची खरी प्रतिभा इथेच दिसते. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचे तर त्याला पाडावे लागते. तेव्हा पळण्यालाच बंदी घातली की पाडापाडी उरत नाही. उभ्या गोलात चेंडू जोराने मारला जातो. गोलाचे तोंड आडवे करून तो डोक्यावर नेला की जोर निकामी होतो, नेम लागतो. ही दुसरी कल्पना त्यांना लहानपणच्या एका खेळावरून सुचली. मोठ्या खडकावर ठेवलेला दगड लांबून दगड मारून पाडायचा, असा तो लगोरीच्या जातीचा खेळ. त्यात सरळ भिरकावण्यापेक्षा अलगद उंचावून टाकलेला दगड फायद्याचा ठरे.

नेस्मिथ यांनी शाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या मिळाल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर लागली. आजची रिंग त्याच उंचीवर, ३.०५ मीटरवर असते. टोपल्यांचे बूड शाबूत असल्याने चेंडू पडला की वर चढून तो काढावा लागे. तेरा नियम सूचनाफलकावर लागले आणि नऊ-नऊ जणांनी फुटबॉलच्या चेंडूने पहिला सामना खेळला. त्यात एकच गोल झाला, तो विल्यम चेस यांचा. १५ जानेवारी १८९२ रोजी नियम शाळेच्या पत्रात छापले गेले. सज्जातले प्रेक्षक हात घालून चेंडू वळवू लागले, तेव्हा टोपलीमागे फळी आली. पुढे लोखंडी कडे आले, बूड नसलेली जाळी आली, आणि खेळाडू पाच-पाच झाले. सेंडा बेरेन्सन यांनी जवळच्याच स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवला.

खेळ जगभर गेला तो वायएमसीएच्या वाटेने. पहिल्या अठरांपैकी डंकन पॅटन यांनी १८९४ मध्ये तो भारतात आणल्याचे सांगितले जाते. त्याला इथे पक्की मुळे मिळाली ती मात्र स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेल्या एच. सी. बक यांच्यामुळे. त्यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले. तिथले विद्यार्थी गावोगावी क्रीडाशिक्षक झाले, आणि मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब रोवले की काम भागे, हे शाळांच्या सोयीचे होते. मुंबई सरकारनेही १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू केली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत भरली होती. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला, तेव्हा नेस्मिथ स्वतः तिथे हजर होते.

मुंबईत हा खेळ रुजला तो नागपाड्यात. तिथे अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा नेबरहूड हाऊस ही वस्तीत राहून काम करणारी संस्था उभारली होती. दाटीवाटीच्या या वस्तीत क्रिकेटला पुरेल एवढी जागा कुठून मिळणार? बास्केटबॉलला २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद मैदान पुरते, आणि एका चेंडूवर दहा जण खेळतात. मस्तान तलाव हे नावाला तलाव, प्रत्यक्षात मैदान. तिथे आणि मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर पोरांच्या पिढ्या घडल्या. भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुन्तसिर याच नागपाड्याचे.