कठडा आणि कठड्याबाहेरचा माणूस



इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, तह आणि राजांच्या वंशावळी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, तिच्या वाट्यास एकही बखर आलेली नाही. ती वस्तू म्हणजे जिन्याचा आणि सज्जाचा कठडा, व त्यातही त्या कठड्यातील उभे गज. शिर्डीसारख्या गावी, जेथे रोज हजारो माणसे जिने चढतात, रांगेत उभी राहतात आणि लॉजच्या गच्चीवर मुले खेळवितात, तेथे या वस्तूकडे एकदा नीट पाहावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम आपल्या घरचे पाहू. सांचीच्या स्तूपाभोवती दगडी कठडा आहे. त्यास वेदिका म्हणतात. तिचे उभे खांब ते स्तंभ, खांबांच्या खाचांत शिरलेल्या आडव्या पट्ट्या त्या सूची, म्हणजे सुया, आणि वरची गोलसर शिळा ते उष्णीष, म्हणजे पागोटे. दगडात अशा खाचा पाडून सुया ओवण्याची काही गरज नव्हती. तरी पाथरवटाने ते केले, कारण त्याच्यापुढे नमुना होता तो सुताराच्या लाकडी कुंपणाचा. म्हणजे भारतीय शिल्पाच्या एका महान कृतीचा मूळ आराखडा सुताराच्या हातचा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, भाजे, कार्ले व कान्हेरी येथे हीच वेदिका नक्षी म्हणून कोरलेली दिसते.

कार्ल्याच्या लेण्यात तर एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. तेथील एका लेखात नोंद आहे की, वेदिका ही घुणिकाची आई भिक्षुणी कोडी हिचे दान होय, आणि ती नदिकाने केली. दुसऱ्या लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने दार केल्याचे म्हटले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पैसा देणारीचे नाव आणि हात चालविणाऱ्याचे नाव एकाच दगडावर आले. आजच्या इमारतींवरील संगमरवरी पाट्या वाचा. उद्घाटकाचे नाव सापडेल, देणगीदाराचे सापडेल, क्वचित वास्तुशिल्पज्ञाचेही सापडेल; नदिकाचे सापडणार नाही.

आता उभ्या गजाकडे वळू. मध्ये फुगीर आणि वर-खाली निमुळता असा जो कातीव गज आपण बंगल्यांच्या सज्जांवर पाहतो, तो पंधराव्या शतकात इटलीत लोकप्रिय झाला. त्याचे युरोपीय नाव रानडाळिंबाच्या फुलावरून पडले आहे, कारण त्याचा आकार त्या फुलाच्या देठाकडील फुगवट्यासारखा दिसतो. आपल्या राहाता भागातील शेतकऱ्यास हे फूल ओळखीचे आहे. त्याच्या बांधावरचे फूल साहेबाच्या जिन्यावर जाऊन बसले आणि तेथून सिमेंटच्या साच्यातून पुन्हा आपल्याच गावच्या सज्जावर उतरले, अशी ही गंमत आहे.

आपल्या वाड्यांत सागवानी कठडे होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने बांधविलेल्या विश्रामबाग वाड्याचा लाकडी सज्जा अजून पाहावयास मिळतो. गज कातणारे कातारी निराळे आणि ते खाचांत बसविणारे सुतार निराळे. पुढे इंग्रजी अमलात बिडाचे ओतीव गज आले. मुंबईच्या वॉटसन हॉटेलचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडातून सुट्या भागांत जहाजाने आणून उभारला. साचा एकदा झाला की एकासारखे एक शेकडो गज ओतता येतात. तेव्हा कातारी मागे पडला आणि बसविणारा तेवढा उरला. आज वेल्डर गंज न चढणाऱ्या पोलादाचे पाइप जोडतो, पण बसविण्याचे शास्त्र तेच आहे.

ते शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण त्यात कारागिराचे गणित आहे. दोन खांबांतील मोकळी जागा ७२ इंच, गजाची जाडी दीड इंच, आणि फट ४ इंचांहून मोठी नको, असे धरा. गज जितके, त्यांहून फट एक अधिक, हे सूत्र. १२ गज घेतले तर १३ फटी होतात आणि प्रत्येक फट सव्वाचार इंचांजवळ जाते. म्हणजे नियम मोडला. १३ गज घेतले तर त्यांची जाडी साडेएकोणीस इंच, उरले साडेबावन्न, ते १४ फटींत वाटले की प्रत्येकी पावणेचार इंच. चांगला सुतार दर वेळी टेप लावीत नाही. तो पावणेचार इंचांचा लाकडी ठोकळा कापतो आणि तो मध्ये धरून गज बसवीत जातो. जिना उतरता असला तरी गज ओळंब्यात उभेच हवेत, आणि फट उतारावरून न मोजता आडवी मोजावयाची.

चार इंचच का? लहान मुलाचे अंग ज्या फटीतून निघते, तीत त्याचे डोके अडकते, किंवा ते सबंधच बाहेर पडते. म्हणून ब्रिटनमध्ये १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा फटीतून जाता कामा नये असा नियम आहे, आणि अमेरिकेतील घरांच्या नियमावलीत ४ इंचांचा. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीने जिन्याच्या कठड्याची उंची १००० मिलिमीटर सांगितली. गज उभेच असावेत यालाही कारण आहे. आडव्या पाइपांचा कठडा दिसावयास झोकदार असतो, पण मुलाला ती शिडीच होते.

आता शिर्डी. १९१० च्या डिसेंबरात काकासाहेब दीक्षितांच्या वाड्याचा पाया घातला गेला आणि १९११ च्या रामनवमीस तो राहण्यास खुला झाला. पुढे नागपूरच्या बापूसाहेब बुट्टींचा दगडी वाडा उभा राहू लागला. साईबाबा जाता-येता त्या कामात सुधारणा सुचवीत, असे चरित्रात सांगितले आहे. १९१८ साली बाबांचा देह त्याच वाड्यात ठेवला गेला व वाड्याचे समाधिमंदिर झाले. तेथून या गावाचे बांधकाम थांबलेले नाही. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी नव्या दर्शनरांग संकुलाचे उद्घाटन झाले. शंभराहून थोड्या अधिक वर्षांत वाड्याच्या जिन्यापासून आपण रांगेच्या मैलभर कठड्यापर्यंत आलो. गर्दी आणि जिना एकत्र आले की काय होते, हे मुंबईने २९ सप्टेंबर २०१७ रोजी एलफिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पाहिले. त्या चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. कठडा, त्याची रुंदी आणि वाट यांचा विचार गर्दी येण्यापूर्वी करावयाचा असतो.

येथवर कठडा वापरणाऱ्याची कथा झाली. आमच्या चळवळीचा संबंध येतो तो पुढच्या भागाशी. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. त्यांच्या मागण्यांत आठवड्याची सुटी होती, तशीच कामावर जबर दुखापत झालेल्यास बरा होईतो मजुरी द्यावी, हीही होती. नुकसानभरपाईचा कायदा यावयास १९२३ साल उजाडले. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३२ व्या कलमाने जिने व वाटा मजबूत असाव्यात आणि आवश्यक तेथे भक्कम कठडे असावेत, असे बंधन घातले. कठडा हा तोवर मालकाचा चांगुलपणा होता. आता तो कामगाराचा हक्क झाला.

१९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्यात कारखानदारीचे नवे पर्व आले. साखर कारखान्यात बॉयलर, रस आटविण्याची भांडी आणि पॅन यांभोवती उंच जाळीच्या वाटा असतात. तेथील कठड्याला वर हाताची पट्टी, मध्ये एक पट्टी आणि खाली पायपट्टी लागते. पायपट्टी नसेल तर वर ठेवलेला पाना घसरून खालच्याच्या डोक्यात पडतो. कामगारांची पोरे आम्हांस विचारीत, “पट्टी तर दिसते एवढीशी, तिच्यासाठी भांडण कशाला?” आमचे उत्तर ठरलेले असे. दुरुस्तीसाठी काढलेला कठडा परत बसविला नाही, तर पुढच्या पाळीच्या माणसाला ते अंधारात कळत नाही.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला आणि बांधकामखर्चावर उपकर बसवून कल्याणनिधी उभारण्याची सोय झाली. २०२० साली संसदेने असे १३ कायदे एकत्र करून सुरक्षिततेची एक संहिता मंजूर केली. कायद्याची नावे बदलली, पण एक प्रश्न बदललेला नाही. कठडा बसतो तो बहुधा सर्वांत शेवटी, रंगाच्या थोडा आधी. तोवर स्लॅबच्या उघड्या कडेवरून विटा वाहणारी बाई, सळ्या वाकविणारा, गिलावा करणारा आणि शेवटी गज बसविणारा स्वतः, हे सारे कठड्यावाचून काम करतात. आपल्या लेकरांना पडू न देणारी वस्तू जो बसवितो, तोच तिच्याबाहेर उभा राहून बसवितो.

यावर इलाज महाग नाही. पहिला स्लॅब पडताच कडेने बांबूचा किंवा पाइपचा तात्पुरता कठडा बांधावा, गज बसविणाऱ्यास पट्टा आणि तो अडकविण्यास पक्का आधार द्यावा, आणि या खर्चाची रक्कम ठेक्यात वेगळी लिहावी. वेगळी न लिहिली तर घासाघिशीत पहिली कात्री तिलाच लागते. आपल्यापैकी कित्येकांनी या गावात लॉज बांधले आहेत, कित्येक बांधतील. ठेकेदाराशी बोलताना फरशीचा रंग विचाराल तेव्हा तात्पुरत्या कठड्याचाही हिशेब मागा. चार इंचांचा एक ठोकळा खिशात ठेवून तयार कठड्याच्या फटींत तो घालून पाहा. आणि इमारतीवर पाटी लावाल तेव्हा खालच्या ओळीत सुताराचे, गवंड्याचे, वेल्डरचे नाव घाला. कार्ल्याच्या भिक्षुणीला ते जड गेले नाही, आपणांसही जाऊ नये.